पासकी व्हॉल्टमध्ये आहे, मग लॉगिन का होत नाही?

पासकीने, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीने, लॉगिन अडलं की बरेच जण लगेच ती पासकी उडवून नवी बनवायला घेतात. हे सगळ्यात शेवटी करायचं काम आहे, आणि घाईत केलं तर खात्याबाहेर अडकून पडायची वेळ येते. पासकी सहसा बिघडत नाही. व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्ड आणि पासकी सांभाळणाऱ्या पासवर्ड मॅनेजरच्या तिजोरीत, ती जशीच्या तशी असते. साइटची हाक तिच्यापर्यंत पोचत नाही, किंवा तिच्या आधी दुसरंच कोणी ओ देऊन मोकळं होतं. म्हणून शोधाची सुरुवात एका प्रश्नापासून करावी: साइटने हाक मारली तेव्हा उत्तर द्यायला पुढे कोण आलं?

हाक कुठून येते

पासकी म्हणजे दोन किल्ल्यांची जोडी. खासगी किल्ली पासवर्ड मॅनेजरच्या व्हॉल्टमध्ये राहते, सार्वजनिक किल्ली साइट स्वतःकडे नोंदवून ठेवते. लॉगिनच्या वेळी साइट दरवेळी नवा, कोणाला आधी ओळखता येणार नाही असा डेटाचा तुकडा पाठवते. त्याला चॅलेंज म्हणतात. खासगी किल्लीने त्यावर सही होते, साइट ती सही सार्वजनिक किल्लीने तपासते आणि आत घेते. खासगी किल्ली या सगळ्या व्यवहारात साइटकडे कधीच जात नाही. या व्यवहाराचे नियम वेबऑथन नावाच्या मानकात आहेत. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ते मार्च २०१९ मध्ये अधिकृत केलं.

ब्राउझरमध्ये ही हाक दोन फंक्शन्समधून येते. नवी पासकी बनवायला ‘क्रिएट’ आणि असलेली वापरायला ‘गेट’. ही फंक्शन्स मुळात ब्राउझरची. त्यांच्यामागे पासकी सांभाळणारे असतात: विंडोज हॅलो, आयक्लाउड कीचेन, गूगल पासवर्ड मॅनेजर किंवा यूएसबीला लावलेली सिक्युरिटी की. पासवर्ड मॅनेजरचं एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम; त्याला या रांगेत जागा नसते, म्हणून ते वेगळी वाट काढतं. पान उघडत असतानाच त्यात एक छोटी स्क्रिप्ट घालतं आणि या दोन फंक्शन्सच्या जागी स्वतःची फंक्शन्स बसवतं. साइट नेहमीसारखी हाक मारते, पण ती आधी एक्स्टेन्शनच्या कानावर पडते. त्याच्याकडे योग्य पासकी असेल तर ते स्वतःची चौकट दाखवतं, नसेल तर हाक पुढे ब्राउझरकडे सोडतं.

ही फंक्शनची अदलाबदल नीट डोक्यात ठेवा. बऱ्याच भानगडी इथेच होतात.

समोरची चौकट कोणाची?

काही बदलण्याआधी ‘पासकीने साइन इन करा’ हे बटण दाबा आणि जी चौकट उघडेल तिच्याकडे नीट बघा. एक्स्टेन्शनची चौकट पानाच्या आत वरच्या उजव्या कोपऱ्यात किंवा वेगळ्या छोट्या खिडकीत येते आणि तिच्यावर तुमच्या पासवर्ड मॅनेजरचं चिन्ह असतं. ब्राउझरची चौकट पत्त्याच्या पट्टीला चिकटून किंवा पानाच्या वरच्या भागात मधोमध येते. ऑपरेटिंग सिस्टीमची चौकट ब्राउझरच्या खिडकीपासून सुटी असते आणि पिन, बोट किंवा चेहरा मागते. क्यूआर कोड दिसला तर समजावं की या कॉम्प्युटरवर ज्यांना विचारलं गेलं त्यांच्यापैकी कोणाकडेच योग्य पासकी सापडलेली नाही आणि ब्राउझर आता फोनला विचारू पाहतोय.

विंडोज हॅलोची चौकट आली आणि ती म्हणाली की या साइटची पासकी या डिव्हाइसवर नाही, तर ती खरंच बोलतेय. पासकी एक्स्टेन्शनच्या व्हॉल्टमध्ये आहे, आणि प्रश्न भलत्यालाच विचारला गेलाय. तिथे पिन दहा वेळा टाकून उपयोग नाही. याच्या उलटही होतं: पासकी विंडोज हॅलोमध्ये असते आणि मध्येच एक्स्टेन्शन ‘पासकी सापडली नाही’ म्हणत उभं राहतं. अशा वेळी एक्स्टेन्शनच्या चौकटीत ‘डिव्हाइस किंवा हार्डवेअर की वापरा’ अशा अर्थाचा पर्याय शोधा. तो दाबला की हाक ब्राउझरकडे जाते. काही एक्स्टेन्शन्समध्ये चौकट बंद केली तरी हाच परिणाम होतो.

पासकी नेमकी कुठे ठेवली होती हेच आठवत नसेल तर चार ठिकाणी बघा. एक्स्टेन्शनच्या व्हॉल्टमध्ये त्या साइटची नोंद उघडा. पासकी असेल तर तिथे तसं लिहिलेलं आणि बनवल्याची तारीख दिसते. नुसतं नाव आणि पासवर्ड दिसत असेल तर पासकी तिथे नाही. विंडोज ११ वर सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली ‘पासकीज’ आहे. मॅक आणि आयफोनवर नव्या आवृत्त्यांमध्ये ‘पासवर्ड्स’ नावाचं अ‍ॅप आहे. क्रोममध्ये पासवर्ड मॅनेजर उघडून साइटचं नाव शोधता येतं. दुसऱ्या मार्गाने लॉगिन होत असेल तर साइटच्या सिक्युरिटी पानावरची यादीसुद्धा बघा. पासकी बनवताना तिच्यासोबत १६ बाइट्सचा एक ओळख-क्रमांक जातो, त्यावरून अनेक साइट्स ती कोणत्या पासवर्ड मॅनेजरने बनवली ते नावानिशी दाखवतात.

एक्स्टेन्शनची चौकट उगवतच नाही

सगळ्यात आधी पान रिफ्रेश करा. हे वेळकाढू वाटेल, पण त्याला पक्कं कारण आहे. स्क्रिप्ट पान उघडतानाच घातली जाते. टॅब उघडा असताना तुम्ही एक्स्टेन्शन बसवलं असेल तर त्या टॅबमध्ये ती नाहीच. एक्स्टेन्शन मागच्या मागे अपडेट झालं असेल तर आणखी विचित्र होतं: जुनी स्क्रिप्ट पानात शिल्लक राहते, पण तिचा मूळ एक्स्टेन्शनशी संबंध तुटलेला असतो. बटण दाबलं की काहीच होत नाही, चूकही दिसत नाही. दिवसेंदिवस उघडे ठेवलेले टॅब असले की हे हमखास होतं.

रिफ्रेशने जमलं नाही तर एक्स्टेन्शनवर क्लिक करून ते लॉक आहे का बघा. लॉक असेल तर बरीच एक्स्टेन्शन्स आधी मास्टर पासवर्ड, म्हणजे व्हॉल्ट उघडायचा मुख्य पासवर्ड, मागतात. पण त्यातून पूर्ण साइन आउट झालेलं असेल तर ती साइटला काहीच न कळवता बाजूला होतात आणि हाक थेट ब्राउझरकडे जाते.

मग परवानगी. क्रोम आणि एजमध्ये एक्स्टेन्शन्सच्या पानावर ‘डिटेल्स’ उघडा आणि ‘साइट अ‍ॅक्सेस’ सर्व साइट्सवर आहे का पाहा. ‘ऑन क्लिक’ असेल तर एक्स्टेन्शन तुम्ही चिन्हावर क्लिक करेपर्यंत पानात जात नाही, आणि तोवर स्क्रिप्ट घालायची वेळ टळून गेलेली असते. सफारीत हीच परवानगी साइटगणिक विचारली जाते. एकदा ‘फक्त आजच्या दिवसापुरती’ दिली की दुसऱ्या दिवशी पासकी ‘अचानक’ बंद पडते. खासगी खिडकीत तर एक्स्टेन्शन्स आपणहून चालतच नाहीत. क्रोममध्ये ‘अलाउ इन इन्कॉग्निटो’, फायरफॉक्समध्ये ‘रन इन प्रायव्हेट विंडोज’ मुद्दाम सुरू करावं लागतं.

एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही दोन जागा तपासा. पासकी सेव्ह करण्याबद्दल आणि वापरण्याबद्दल विचारायचं की नाही, याचं एक बटण बहुतेकांत असतं. ते बंद असेल तर पासवर्ड भरले जातात, पासकीचं मात्र नाव निघत नाही. दुसरी जागा म्हणजे वगळलेल्या साइट्सची यादी. कधीतरी कंटाळून ‘या साइटवर पुन्हा विचारू नको’ दाबलेलं असतं, ते डोक्यातून जातं, आणि साइट त्या यादीत बसून राहते.

दोन पासवर्ड मॅनेजर एकाच ब्राउझरमध्ये ठेवू नयेत. दोघंही तीच दोन फंक्शन्स बदलतात. ज्याची स्क्रिप्ट नंतर चालली ती वर बसते, आणि क्रम दरवेळी तोच राहील याची खात्री नसते. म्हणून आज चालतं आणि उद्या नाही. जुना मॅनेजर सोडून नव्याकडे गेला असाल तर जुन्याचं एक्स्टेन्शन निदान तपासापुरतं बंद करा. ब्राउझरचा स्वतःचा पासवर्ड मॅनेजरही यात लुडबुड करतो. क्रोममध्ये पासवर्ड आणि पासकी सेव्ह करण्याची विचारणा बंद करता येते. शिवाय लॉगिन झाल्यावर आपोआप पासकी बनवण्याची वेगळी सेटिंग असते. ती सुरू असेल तर न मागता दुसऱ्या व्हॉल्टमध्ये एक पासकी तयार होते आणि गोंधळ वाढतो.

लॉगिनचा फॉर्म पानाच्या आत दुसऱ्या पानाच्या चौकटीत दाखवलेला असेल, तर बाहेरच्या साइटने परवानगी दिल्याशिवाय आतल्याला पासकी मागता येत नाही. शक्य असेल तिथे लॉगिनचं पान वेगळ्या टॅबमध्ये उघडून पाहा. ऑफिसच्या मशीनवर एक्स्टेन्शनच धोरणाने बंद असेल तर मात्र वरचं काहीच लागू पडणार नाही. ते आयटी विभागाकडूनच सुटेल.

चौकट येते, पण पासकी सापडत नाही

इथे बहुतेक वेळा पत्ता कारणीभूत असतो. पासकी बनताना साइट एक डोमेन ठरवते आणि पासकी त्या डोमेनला जन्मभर बांधली जाते. समजा ते ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ आहे. मग ‘लॉगिन डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’वरही ती चालेल, कारण तो त्याचाच उपविभाग आहे. पण साइटने बनवताना ‘लॉगिन डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ एवढं लांब नाव दिलं असेल, तर ती पासकी नुसत्या ‘एक्झाम्पल डॉट कॉम’वर चालणार नाही. ‘एक्झाम्पल डॉट ऑर्ग’ तर पूर्ण परकं. एकाच कंपनीचे दोन पत्ते असले तरी पासकीला त्याचं काही नाही. अशा पत्त्यांची यादी साइटला एका ठरलेल्या फाइलमध्ये जाहीर करता येते, पण ती सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये चालतेच असं नाही.

व्हॉल्टमधल्या नोंदीत पत्ता हाताने बदलून हे सुटत नाही. तो पत्ता पासवर्ड भरण्यासाठी असतो. पासकीचं डोमेन वेगळं साठवलेलं असतं आणि ते बदलता येत नाही. बदलता आलं असतं तर पासकीचा मुख्य फायदाच गेला असता. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइटवर माणूस फसतो, पासकी फसत नाही, ती या बांधणीमुळेच. त्यामुळे नेहमीच्या साइटवर पासकी सापडेनाशी झाली तर पत्त्याच्या पट्टीतलं एकेक अक्षर वाचा. घाईघाईने पासवर्ड टाकू नका. एखादी लिंक उघडून तिथे आला असाल तर आधी टॅब बंद करा आणि पत्ता स्वतः टाइप करून जा.

पत्ता बरोबर असेल तर सिंक बघा. पासकी फोनवर बनवली आणि लगेच कॉम्प्युटरवर वापरायला गेलात तर एक्स्टेन्शनकडे अजून जुनाच व्हॉल्ट असू शकतो; सेटिंग्जमधून ‘सिंक नाऊ’ दाबा. पासवर्ड मॅनेजरमध्ये दोन खाती असतील, घरचं आणि ऑफिसचं, तर आत्ता कोणतं उघडं आहे तेही तपासा. ब्राउझर प्रोफाइल वेगळं असेल तर एक्स्टेन्शनही वेगळं समजावं, त्यात स्वतंत्र लॉगिन लागतं.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी: पासकीला आयपी पत्ता चालत नाही, डोमेनच लागतं. पान एचटीटीपीएसवर हवं आणि प्रमाणपत्र वैध हवं. फक्त ‘लोकलहोस्ट’ला सूट आहे. प्रमाणपत्राचा लाल इशारा ओलांडून आत गेलात तर क्रोम पासकीला नकार देतो.

पासकी निवडली, तरी साइट नाही म्हणते

सही झाली, साइटपर्यंत पोचली आणि तिथे नाकारली गेली, असा हा प्रकार. सगळ्यात साधं कारण म्हणजे साइटने तिची सार्वजनिक किल्ली काढून टाकलीय. तुम्हीच कधीतरी सिक्युरिटी पानावरून काढली असेल, किंवा खातं पूर्ववत करताना साइटने सगळ्या उडवल्या असतील. व्हॉल्टला ते कळत नाही. तिथली अर्धी जोडी तशीच राहते आणि निवडीला येत राहते. अशी निकामी पासकी कळवायची नवी सोय क्रोममध्ये आलीय, पण साइट आणि पासवर्ड मॅनेजर दोघांनी ती वापरली तरच फायदा.

दुसरं कारण म्हणजे ओळख-पडताळणी. साइट मागणी करताना तीनपैकी एक पातळी सांगते: पडताळणी आवश्यक, शक्य असेल तर, किंवा नको. ‘आवश्यक’ असेल तर एक्स्टेन्शनने पिन, बोट किंवा मास्टर पासवर्ड घेऊनच सही करायची असते आणि तसं केल्याची खूण सहीत ठेवायची असते. खूण नसेल तर साइट नाकारते. म्हणून व्हॉल्ट उघडा असतानाही पुन्हा पासवर्ड विचारला तर तो बिघाड समजू नका. बोटाने उघडायची सोय लावली असेल आणि इथेच अडत असेल तर पासवर्ड मॅनेजरचं डेस्कटॉप अ‍ॅप चालू आहे का बघा. अनेक एक्स्टेन्शन्सना बोटाचा ठसा त्या अ‍ॅपमार्फतच मिळतो.

वेळही संपते. पडताळणी आवश्यक असेल तेव्हा मानकाने सुचवलेली मुदत ५ ते १० मिनिटांची आहे, पण साइटला कमी ठेवता येते. मास्टर पासवर्ड शोधत बसलात की चॅलेंज शिळं होतं. पान रिफ्रेश करून, व्हॉल्ट आधी उघडून, मग बटण दाबा. कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे-मागे असल्याची शंका बऱ्याच जणांना येते, कारण लॉगिनसाठी अ‍ॅपमध्ये दिसणारे, वेळेवर चालणारे ६ आकडी कोड त्यामुळे चुकतात. पासकीच्या सहीत वेळ नसतेच, त्यामुळे घड्याळाशी खटपट करू नका.

काही संस्था त्यांच्या अंतर्गत साइटवर ठराविक हार्डवेअरचीच पासकी स्वीकारतात आणि त्याचा पुरावा मागतात. एक्स्टेन्शनकडे असा पुरावा नसतो. तिथे सिक्युरिटी की किंवा विंडोज हॅलोच लागेल.

चुकीचं नाव वाचणं

एफ १२ दाबून ‘कन्सोल’ उघडा आणि बटण पुन्हा दाबा. लाल ओळीतलं नाव बरंच सांगून जातं. ‘सिक्युरिटी एरर’ म्हणजे डोमेन जुळत नाही. नवी पासकी बनवताना ‘इन्व्हॅलिड स्टेट एरर’ आली तर या खात्याची पासकी या व्हॉल्टमध्ये आधीच आहे. साइट आधीच्या पासकींची यादी पाठवते आणि दुसरी बनू देत नाही. ‘नॉट सपोर्टेड एरर’ असेल तर साइटने मागितलेली सहीची पद्धत एक्स्टेन्शनला येत नाही. ‘अबॉर्ट एरर’ म्हणजे मागणी मध्येच रद्द झाली, बहुधा पानावर आधीची मागणी चालू असताना दुसरी निघाली म्हणून.

सर्वांत जास्त दिसते ती ‘नॉट अलाउड एरर’, आणि तीच सर्वांत कमी सांगते. तुम्ही रद्द केलं, वेळ संपली, पासकीच नव्हती: तिन्हीला हेच एक नाव. हे मुद्दाम तसं ठेवलंय. वेगवेगळी उत्तरं दिली असती तर कोणत्याही साइटला तुमच्याकडे पासकी आहे की नाही हे गुपचूप पडताळून पाहता आलं असतं. त्यामुळे या नावावरून निदान करू नका. समोर कोणाची चौकट होती यावरूनच करा.

दोष साइटचा की एक्स्टेन्शनचा हे ठरवायला वेबऑथन डॉट आयओ ही चाचणीची साइट कामी येते. एखादं खोटं नाव टाका, ‘रजिस्टर’ करा, पासकी एक्स्टेन्शनमध्ये सेव्ह करा आणि ‘ऑथेंटिकेट’ दाबा. तिथे चाललं तर तुमची मांडणी ठीक आहे, तक्रार साइटकडे न्या. तिथेही अडलं तर एक्स्टेन्शन, परवानगी किंवा दुसरा मॅनेजर यांतच काहीतरी आहे. नंतर ती चाचणीची नोंद व्हॉल्टमधून काढून टाका.

फोनवर

फोनच्या अ‍ॅपमध्ये एक्स्टेन्शनचा संबंध येत नाही. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. दुसऱ्या कंपनीच्या पासवर्ड मॅनेजरला पासकी हाताळायची मुभा अँड्रॉइड १४ आणि आयओएस १७ पासून आहे, आणि तीही सेटिंग्जमध्ये त्याला पासवर्ड व पासकीसाठी निवडल्यावरच. क्यूआर कोडने कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं असेल तर दोन्हीकडे ब्लूटूथ आणि इंटरनेट दोन्ही सुरू हवं. ब्लूटूथचं पेअरिंग लागत नाही. फोन खरोखर जवळ आहे एवढीच खात्री त्यातून होते.

काढून नवी बनवायचीच असेल तर

आधी दुसऱ्या मार्गाने लॉगिन होतंय याची खात्री करा: पासवर्ड, रिकव्हरी कोड, दुसरी सिक्युरिटी की, काहीही. लॉगिन झालेलं सत्र उघडंच ठेवा. मग साइटच्या सिक्युरिटी पानावरून जुनी पासकी काढा, त्यानंतर व्हॉल्टमधली. क्रम उलटा झाला आणि आधी व्हॉल्टमधली गेली, तर साइट अजून त्याच पासकीची वाट पाहत राहते आणि ती परत बनवता येत नाही. नवी बनवताना चौकटीत योग्य नोंद निवडा; त्याच डोमेनची आणि त्याच खात्याची पासकी आधी असेल तर नवी तिच्यावर लिहिली जाते. जुनं सत्र न बंद करता वेगळ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये किंवा खासगी खिडकीत नवीने लॉगिन करून पाहा. ते जमलं की मगच पहिल्या टॅबमधून बाहेर पडा.

पासवर्ड मॅनेजर बदलायच्या विचारात असाल तर जुन्यातून नोंदी बाहेर काढताना मिळणाऱ्या सीएसव्ही फाइलवर विसंबू नका. तिच्यात नावं आणि पासवर्ड जातात, पासकी जात नाहीत. काही मॅनेजर्सच्या जेसन या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये त्या जातात, पण समोरच्याला त्या वाचता आल्या पाहिजेत. जुनं खातं बंद करण्याआधी नव्या व्हॉल्टमध्ये एकेक नोंद उघडून पासकी खरंच तिथे आहे का ते बघा, आणि जिथे नसेल त्या साइटवर जाऊन नवी बनवा.